पत्र्याच्या झाकणाएवढं शून्य

मंगळवार, ३ मार्च

मास्तरणीनं वही दिली आणि म्हणाली, रोज चार ओळी लिहायच्या. काय मोजलं, काय कळलं, काय कळलं नाही. कोणी वाचणार नाही, कोणी तपासणार नाही. मग लिहायची कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, स्वतःसाठी. स्वतःसाठी मला पाय पसरून बसायला फुरसत नाही, लिहायला कुठून मिळणार. पण घेतली वही.

मी इस्पितळाच्या धुलाईखात्याची मुकादम. हाताखाली तीस बायका. वॉर्डांतून मळक्या कपड्यांची गाठोडी खाली येतात. ती सोडायची, निवडायची, धुवायची, वाळवायची आणि इस्त्रीच्या घड्या करून वर पाठवायच्या. माझी शाळा चौथीत सुटली. बेरीज-वजाबाकी तोंडी येते, ओरडणं त्याहून चांगलं येतं. बायका माझ्या पाठीमागे मला भोंगा म्हणतात. मला ते ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

मोठ्या साहेबांनी सगळ्या खातेप्रमुखांना हा कोर्स लावलाय. आकडे कसे गोळा करायचे, त्यांचा अर्थ कसा लावायचा, चारचौघांपुढे कसे मांडायचे. मंगळवार-शुक्रवार, दुपारी, नोंदणी कार्यालयाच्या वरच्या खोलीत. बाकीच्यांना तो सर्टिफिकेटापुरता. मला नाही. साहेबांनी मला वेगळं बोलावून सांगितलं, "बाई, धुलाई बाहेरच्या कंपनीला द्यायचं चाललंय. ७ एप्रिलला समिती बसेल. कंपनीचा माणूस त्याचे आकडे मांडेल, तुम्ही तुमचे मांडा. पाच मिनिटं. मग ठरेल."

म्हणजे पाच मिनिटांत तीस बायकांचं काम, आणि माझं. बरं. शिकते.

मास्तरीण माझ्या लेकीच्या वयाची. मला मावशी म्हणाली. मी म्हटलं, मी तुझ्या आईची बहीण नाही. "मग काय म्हणू?" म्हटलं, मुकादमबाई. तिनं ते हजेरीच्या कागदावर लिहून घेतलं. पोरगी बरी आहे.

शुक्रवार, ६ मार्च

आज सरासरी. मास्तरणीनं विचारलं, सकाळपासून किती कप चहा झाला? आम्ही बारा जण. कोणी एक, कोणी दोन, नोंदणीवाल्या बाई चार. स्वयंपाकघराचा आचारी माझ्या बाकावर बसतो, तो म्हणाला चौदा. सगळे हसले. "हसताय काय, चाखावा लागतो," म्हणाला. बेरीज करून भागाकार केला तर सरासरी आली तीन. मास्तरीण म्हणाली, आता तीन कप प्यालेल्यांनी हात वर करा. एकही नाही.

म्हणजे सरासरी हा असा माणूस, की ज्याचं घर गावात कुठेच नाही. मग तिनं सगळ्यांना चहाप्रमाणे ओळीत उभं केलं आणि मधल्याला विचारलं. दोन. ह्याला मध्यक म्हणतात. हा निदान खरा माणूस असतो.

हे मला आवडलं. आवडेल असं वाटलं नव्हतं.

घरी आले तर धाकटी जाऊ रबराचे हातमोजे घालून भांडी घासतेय. आमच्याच खात्यातले, निवडणीचे. तीही माझ्या हाताखाली निवडणीलाच आहे. म्हटलं, "राणीसाहेब, घरी पण?" म्हणाली, "हाताला चिरा पडल्यात ताई." इतकी वर्षं नव्हत्या पडल्या.

मंगळवार, १० मार्च

आज चित्रं. दांड्या उभ्या करायच्या, उंच म्हणजे जास्त. मी फाटलेल्या चादरींच्या दांड्या काढल्या, मागचं वर्ष आणि हे वर्ष. फरक बोटभर दिसेना. आचाऱ्यानं कानात सांगितलं, "बाई, दांड्या खालून कापा. बुडखा कशाला दाखवायचा?" कापल्या. काय सांगू, मागचं वर्ष ताडासारखं आणि हे वर्ष गवतासारखं. पुढे जाऊन ऐटीत दाखवलं.

मास्तरीण म्हणाली, "आकडे खरे आहेत. चित्र खोटं बोलतंय." मी म्हटलं, "कंपनीवाला असलंच दाखवणार." म्हणाली, "दाखवू दे. समितीतल्या एकानं जरी विचारलं की दांड्या शून्यापासून का नाहीत, तर तुमची पाचही मिनिटं गेली."

परत काढल्या, बुडख्यासकट. गवत ते गवतच.

पण मला काळजी नाही. माझ्याकडे हुकमाचं पान आहे. शुक्रवारी दाखवते.

शुक्रवार, १३ मार्च

आज आपल्या खात्यातला सगळ्यात चांगला आकडा घेऊन यायचा होता. मी शून्य नेलं.

गाठोड्यांतून सुया येतात. वॉर्डात सिस्टर लोक सुई देतात, ती टाकायची पिवळ्या डब्यात, पण राहते पलंगावर, आणि चादरीत गुंडाळून आमच्याकडे. निवडणारीच्या हातात घुसली तर कोणाच्या रक्ताची आहे देव जाणे. म्हणून मी दाराशी फळा लावलाय. 'या महिन्यात सुया टोचल्या'. त्याच्याखाली दर महिन्याला मी स्वतः शून्य काढते, आणि तेच वर साहेबांकडे लिहून पाठवते. सोड्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण फळ्यावर धरायचं आणि खडू फिरवायचा. गोल, गरगरीत. शून्य राहिलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या खात्याला अर्धी सुट्टी. एकीला जरी टोचली तरी तीसजणींची सुट्टी गेली. ही युक्ती माझी. तेव्हापासून फळा हललेला नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आचारी म्हणाला, "माझ्याकडे भाजून घेणारेच रोज दोन." मास्तरणीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाली, "मुकादमबाई, शून्य दिसलं की मी दोनदा विचारते. झालं नाही, की सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "माझ्या बायका माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

"टोचली असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? डोळे काय इस्त्रीला दिले होते का, असं विचारते. काळजीनं बोलते मी."

तिनं खडू उचलला. फळ्यावर दोन चौकटी काढल्या, 'झालं नाही' आणि 'सांगितलं नाही', आणि सगळ्यांना म्हणाली, दोन्हींचा आकडा एकच दिसतो.

मी पिशवी उचलली आणि उरलेला तास न बसता खाली आले. दोन बुकं शिकून दुसऱ्याच्या घरात घाण शोधायची सवय लागते लोकांना.

शनिवार, १४ मार्च

जावेचं काहीतरी शिजतंय. तिचा कप वेगळा. ताट वेगळं, स्वतःच घासून खिडकीत पालथं घालते. टॉवेल दोरीवर नाही, तिच्या खोलीत खिळ्याला. भाजी चिरायला सांगितली तर म्हणते, तुम्ही चिरा, मी पीठ मळते, आणि मळते तेही हातमोज्यांनी. नात तिच्या गळ्यात पडायला गेली तर गाल बाजूला केला. पोरगी रडली.

ह्यांना म्हटलं, "वेगळं व्हायचंय तिला. भांड्यांपासून सुरुवात केलीय."

हे म्हणाले, "धाकटा तिकडे परगावी, ती इथं एकटी, ती कुठं वेगळी होतेय? विचार ना तिला."

"मी का विचारू? तोंड आहे ना तिला."

हे म्हणाले, "तोंड आहे गं. पण समोर तू असतेस."

ह्यांना निवृत्त झाल्यापासून फार सुचायला लागलंय.

मंगळवार, १७ मार्च

गेले वर्गाला. रागानं काम सोडायची माझी पद्धत नाही.

आज अवघड प्रश्न कसे विचारायचे, ते. ज्याचं उत्तर लोक खरं देणार नाहीत असे. मास्तरणीनं पिशवीत काळे-पांढरे मणी घातले, दोन्ही सारखे. प्रत्येकानं एक काढायचा, मुठीत ठेवायचा, कोणाला दाखवायचा नाही. काळा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. पांढरा आला तर खरं असेल ते. मग मणी मूठ न उघडता परत पिशवीत. प्रश्न होता, कचेरीतला कागद-पेन घरी नेलाय का?

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. कोण 'हो' म्हणालं ते ऐकू येतं, पण का म्हणालं ते कळत नाही. मणी काळा म्हणून, की खरंच. म्हणून कोणाला भीती नाही. आणि तरी सगळ्यांचं मिळून कळतं, कारण निम्म्यांना साधारण काळा येणारच. बारा जणांत कोणीच चोर नसेल तर सहाच्या आसपास 'हो' यायला हवेत. आमचे आले अकरा. आचारी म्हणाला, "बाराव्याला पकडा, तो खोटं बोलतोय."

मी तिथंच ठरवलं. उद्या खात्यात हेच करते. तीस बायका, पंधराच्या आसपास 'हो' आले की माझं शून्य खरं. ते घेऊन शुक्रवारी मास्तरणीच्या टेबलावर ठेवते.

बुधवार, १८ मार्च

जेवणाच्या सुट्टीत केलं. आमच्याकडे बटणांची बरणी आहे. डॉक्टरांच्या कोटांची, रोग्यांच्या सदऱ्यांची तुटलेली बटणं वर्षानुवर्षं तिच्यात पडतात. त्यातली काळी-पांढरी सारखी मोजून उशीच्या अभ्र्यात घातली. ड्रायर बंद केले, म्हणजे ऐकू येईल.

आधी सरावाला हलका प्रश्न घेतला. नवऱ्याला कधी हाणलंय का? हसून हसून दोघी खाली बसल्या. निवडणीची आत्याबाई, सगळ्यांत जुनी, म्हणाली, "आधी तुम्ही काढा बटण, मुकादमबाई." काढलं. मला पांढरं आलं. काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

मग खरा प्रश्न विचारला. गेल्या वर्षात सुई टोचली आणि सांगितली नाही, असं झालंय का?

हसू थांबलं. कोणी हलेना. मी म्हटलं, "अगं, मूठ बंद ठेवायची आहे. मला काही कळणार नाही. चला, ओळीनं."

आत्याबाईनं अभ्र्यात हात घातला. "हो."

दुसरी. "हो."

तिसरी नाही म्हणाली. मला बरं वाटलं. मग हो. हो. हो. मोठ्यानं नाही, खाली बघून. मी पाटीवर रेघा मारत होते. रेघा विशीच्या पुढे गेल्या. मी म्हटलं, "कळलंय ना सगळ्यांना कसं खेळायचं ते?" आत्याबाई म्हणाली, "कळलंय बाई. चांगलं कळलंय."

शेवटाकडे माझी जाऊ होती. तिनं बटण काढलं. माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली, आणि मूठ उघडली.

पांढरं.

मी म्हटलं, "मूठ उघडायची नव्हती." म्हणाली, "माहीत आहे ताई."

मी "पुढची" म्हटलं. दोघी उरल्या होत्या, त्याही हो म्हणाल्या. मग भोंगा वाजला, खरा, आणि सगळ्या कामाला गेल्या.

तिसात सव्वीस. पंधरा काळ्या बटणांचे सोडले तर पांढऱ्या पंधरांत अकरा. म्हणजे चारातल्या तिघी. घरी येऊन तीनदा मांडलं. तेच येतं.

मग तिच्या खोलीत गेले. ती खिळ्यावरचा टॉवेल घडी करत होती.

"कधी?"

"फेब्रुवारीत. अपघात विभागाचं गाठोडं होतं."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला?"

"मला!" मी ओरडले. भिंतीवरचं घड्याळ हललं असेल.

ती हळूच म्हणाली, "हे बघा. म्हणूनच."

गुरुवार, १९ मार्च

सकाळीच तिला घेऊन वर डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाऊ म्हणते, बाहेर एका ठिकाणी गुपचूप रक्त तपासून घेतलं होतं, ते ठीक निघालं, पण तिथला माणूस म्हणाला इतक्यात सांगता येत नाही. तेव्हापासून हातमोजे, कप, ताट. नातीच्या गालाला शिवली नाही ती त्यासाठी. मी वेगळ्या चुलीचे हिशेब करत बसले होते.

डॉक्टरीणबाई आम्हा दोघींवर चिडल्या. टोचल्याबरोबर आली असती तर गोळ्या सुरू केल्या असत्या, आता त्यांची वेळ गेली. लगेच का नाही आली? जाऊ माझ्याकडे बघेना, म्हणून मीच म्हटलं, "कामाची गडबड होती." रक्त घेतलं. पुन्हा मे महिन्यात घेतील. कपानं, ताटानं काही पसरत नाही म्हणाल्या, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.

घरी आल्यावर तिनं चहा केला. तिचा कप तिनं बाजूला ठेवला होता. मी तोच उचलला आणि प्यायले.

"ताई, तो माझा..."

"साखर कमी आहे," म्हटलं.

शुक्रवार, २० मार्च

मास्तरणीच्या टेबलावर पाटी ठेवली. तिनं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं नव्हतं का. नाही म्हणाली. खुर्ची पुढे केली.

मी विचारलं, "आता काय करू? हे दाखवलं तर खातं जाईल. शून्य दाखवलं तर..."

ती म्हणाली, "काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगीन, की टोचल्या किती हा शेवटचा आकडा आहे. त्याच्या आधीचा कोणता?"

मी म्हटलं, कोड्यात बोलू नकोस. मग खिडकीशी उभी राहिले, खाली गाठोड्यांची ढकलगाडी उतारावरून येत होती. टोचण्याआधी सुई यावी लागते. ती कुठून येते, ते कोणीच मोजलेलं नाही.

सोमवार, २३ मार्च

आजपासून नवा नियम. गाठोड्यात सुई दिसली की चिमट्यानं उचलायची, पिवळ्या डब्यात टाकायची, आणि भिंतीवरच्या कागदावर त्या वॉर्डाखाली एक टिंब काढायचं. कोणाला सापडली, टोचली की नाही, काही लिहायचं नाही. गाठोड्याच्या चिठ्ठीवर वॉर्ड असतोच.

दुपारी आत्याबाई आणि इस्त्रीच्या दोघी माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत्याबाई म्हणाली, "बाई, समितीला शून्यच दाखवा. आमचं आम्ही बघू. काम गेल्यावर सुया तरी कुठून टोचणार?"

इस्त्रीवाली म्हणाली, "आम्ही काय तक्रार केलीय का?"

हेच तर. तक्रार केली असती तर मी ओरडले असते, आणि मग त्या गप्प बसल्या असत्या. म्हणजे त्या आधीच गप्प बसून माझं ओरडणं वाचवत होत्या. असलं गणित मास्तरणीनं शिकवलेलं नाही.

त्यांना म्हटलं, "माझं अजून ठरलेलं नाही." खरंच नव्हतं ठरलेलं.

मंगळवार, ३१ मार्च

कागद भरला. एक्केचाळीस टिंबं. बाकी वॉर्डांखाली एखाददुसरं, कुठे तीन. अपघात विभागाखाली एकोणतीस, माश्या बसाव्यात तशी काळीकुट्ट.

कागद गुंडाळला आणि तरातरा वर गेले. सिस्टरना सुनवायचं, तुमच्या घाणीनं माझ्या घरात... सगळं तोंडात तयार होतं. दारातच थांबले. आत एक अपघाताचा रोगी आणलेला, सिस्टर एका हातानं त्याचा दंड धरून, दुसऱ्या हातात सुई. टोचून झाली. तिनं मान वळवून पिवळ्या डब्याकडे बघितलं. तो पार पलीकडे, कपाटाच्या कोपऱ्यात, साखळीनं बांधलेला. रोगी धडपडत होता. तिनं सुई पलंगावर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं.

मी कागद उलगडला नाही. ती मोकळी झाल्यावर विचारलं, "डबा तिथं कोणी ठेवला?"

ती आधी घाबरली. मग म्हणाली, "चोरीला जातो म्हणून बांधलाय. आम्ही सांगितलं होतं एकदा जवळ हवा म्हणून. उलट आम्हालाच ऐकावं लागलं. मग सोडून दिलं."

तिलाही कोणीतरी भोंगा आहे वाटतं.

शुक्रवार, ३ एप्रिल

आज सराव. पाच मिनिटं घड्याळ लावून. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दहा मिनिटं बोलले आणि मुद्दा राहूनच गेला. आचारी म्हणाला, "बाई, वाढणं चांगलं होतं, पण जेवणच विसरलात." मास्तरणीनं शिकवलं ते असं, की एकच चित्र दाखवायचं आणि एकच गोष्ट सांगायची. चित्राकडे पाठ करायची नाही. आकडा सांगितला की थांबायचं, त्यांना गिळू द्यायचा. घाईघाईत दुसरा कोंबायचा नाही. थांबणं मला जमत नाही. चौथ्या खेपेला जमलं.

वर्ग सुटल्यावर आचाऱ्यानं जिन्यात गाठलं. "तुम्ही खरंच ते टिंबांचं दाखवणार? कंपनीवाल्याचं शून्य असणार, बघा. तुम्ही हातानं पायावर धोंडा मारताय."

घरी हेही तेच म्हणाले. जाऊ शेजारी बसून नातीची वेणी घालत होती, उघड्या हातांनी. तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

म्हणाली, "मला विचारताय?"

"मग काय भिंतीला?"

तिनं वेणी पुरी केली. "मी मूठ उघडली तेव्हा मला वाटलं होतं, ताई आता घराबाहेर काढतील. तरी उघडली." एवढंच बोलली.

ठरलं.

मंगळवार, ७ एप्रिल

समिती पाच जणांची, साहेब मधे. डॉक्टरीणबाई टोकाला. कंपनीचा माणूस आधी. पडद्यावर रंगीत चित्रं फिरत आली, चादरी बर्फासारख्या. शेवटी हिरव्या रंगाचं मोठ्ठं शून्य. सुया टोचण्याचे प्रसंग: एकही नाही. माझ्या झाकणापेक्षा मोठं होतं ते. गोलही जास्त.

मग मी. मी भिंतीवरचा कागदच आणला होता, खळीच्या डागांसकट. पडद्यावर चिकटवला.

म्हटलं, "मीही तुम्हाला दर महिन्याला असंच शून्य पाठवत होते. ते खोटं होतं."

आणि थांबले. गिळू दिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे इतके महिने तुम्ही आम्हाला खोटा आकडा दिलात?"

"हो."

"का?"

"मला खरा कोणी सांगत नव्हतं. मी ओरडते म्हणून. आणि सांगितला तर सगळ्यांची अर्धी सुट्टी जाते म्हणून. दोन्ही माझंच."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. मग मी बटणांचं सांगितलं, चारातल्या तिघींचं. मग टिंबं. अपघात विभागावर बोट ठेवलं. "ह्या एकोणतीस इथून आल्या, कारण डबा साखळीनं कपाटाला बांधलाय. सिस्टरची चूक नाही, तिला दोनच हात आहेत. डबा पलंगापाशी न्या. महिन्यानं मी परत हाच कागद घेऊन येते. टिंबं कमी झाली नाहीत तर मला काढा."

कोणाचा तरी कप बशीवर वाजला. माझी पाच मिनिटं संपायची होती, पण सांगायचं संपलं होतं. म्हणून मी बसले.

डॉक्टरीणबाईंनी कंपनीवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे गाठोड्यात सुई निघाली तर?"

"गाठोडं सीलबंद परत पाठवतो. करारातच आहे."

"परत म्हणजे कुठे?"

"इथे."

"आणि इथे ते उघडणार कोण?"

तो पानं चाळायला लागला. साहेब म्हणाले, निर्णय कळवू.

खाली आले तर तीसही जणी ड्रायरपाशी उभ्या. "काय झालं?" म्हटलं, "सांगितलं सगळं." आत्याबाईनं कपाळावर हात मारला.

शुक्रवार, १० एप्रिल

कागद आला. धुलाई एक वर्ष इथंच. दर महिन्याला टिंबांचा कागद समितीपुढे. अपघात विभागाचे डबे पलंगांना लावायचे, ते कालच लागले. टोचलीच, तर लगेच वर पाठवायचं, तपासणी आणि गोळ्या इस्पितळाच्या. आणि मुकादमबाईंना चुकीचे आकडे पाठवल्याबद्दल लेखी ताकीद. ताकीद दोनदा वाचली. बरोबर लिहिलीय.

अर्धी सुट्टी बंद. त्यावरून इस्त्रीच्या बायका धुसफुसतायत. धुसफुसू देत, मोठ्यानं धुसफुसतायत हे बरं.

मास्तरणीनं सर्टिफिकेट दिलं. त्यावर 'मुकादमबाई' लिहिलंय.

सोमवार, १३ एप्रिल

आज दुपारी निवडणीची नवी मुलगी माझ्या दारात. बोट दुसऱ्या हातानं दाबलेलं, हातमोज्यावर लाल. तिच्या मागे सगळं खातं थांबलेलं. कोणीतरी ड्रायर बंद केला.

माझं तोंड उघडलं. डोळे काय इस्त्रीला, इथपर्यंत जिभेवर आलं होतं. जावेनं टेबलापलीकडून बघितलं.

मी म्हटलं, "नळाखाली धर. वाहतं पाणी. दाबू नकोस." साबण मीच लावला. मग तिला घेऊन जिना चढून डॉक्टरीणबाईंकडे गेले. गोळ्या तासाभरात पोटात गेल्या. पोरगी रडत होती, म्हणत होती, माझ्यामुळे फळा गेला. म्हटलं, फळा भिंतीला आहे, कुठे जात नाही.

खाली येऊन शून्य पुसलं. झाकणाची जुनी गोल रेघ काही पुसता पुसेना, इतक्या महिन्यांची ती मुरलीय लाकडात. तशीच राहिली. तिच्या आत खडूनं एक टिंब काढलं. झाकण परत सोड्याच्या डब्यावर लावून टाकलं.

घरी येताना जाऊ म्हणाली, "ताई, आज ओरडला नाहीत."

म्हटलं, "उद्या ओरडेन. तिसऱ्या वॉर्डाच्या चादरी ओल्याच घड्या केल्यात तुम्ही लोकांनी."

"मी केल्यात," ती म्हणाली.